मूल हवंय? मग पुरुषाने सुरुवात कुठून करायची

नागपुरात धंतोलीतल्या एका लॅबमध्ये मी चौदा वर्षं वीर्यतपासणीचं काम करतो आहे. काउंटरसमोर जोडपं येऊन उभं राहतं तेव्हा बाईच्या हातात दोन बोटं जाडीची फाइल असते. तीन सोनोग्राफ्या, थायरॉइड, नळ्यांचा एक्स-रे, दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. त्या फाइलमध्ये नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नसतो. लग्नाला चार-पाच वर्षं झालेली असतात आणि त्याची ही पहिलीच तपासणी असते. इतकी वर्षं या कामात काढूनही हे बघून मला वाईट वाटतं. मूल राहत नाही अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचंही काहीतरी कारण असतं. कधी तेवढंच, कधी दोघांचं मिळून. आणि सगळ्या तपासण्यांमध्ये सर्वांत स्वस्त, न दुखणारी तपासणी असते ती पुरुषाचीच.

काटोलकडच्या एक काकू एकदा सुनेसोबत आल्या होत्या. मुलाचं सॅम्पल मागितलं तर म्हणाल्या, "माह्या पोराले काय झालं? तो त धडधाकट आहे." मी त्यांना बसवून सांगितलं, काकू, अंगातली ताकद वेगळी आणि शुक्राणू वेगळे. संबंध व्यवस्थित होतात, वीर्यही येतं, तरी त्यात शुक्राणू कमी असू शकतात किंवा मुळीच नसू शकतात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही, त्याला सूक्ष्मदर्शकच लागतो. हे घराघरांत कळलं तर पुष्कळ सुनांची वर्षं वाचतील.

मी डॉक्टर नाही. औषधोपचार डॉक्टरांनीच ठरवायचे. पण रोजच्या सवयींनी रिपोर्ट कसा बिघडतो आणि कसा सुधारतो, हे रोज काचेखाली बघतो. ज्यांनी नुकतंच मनावर घेतलंय, किंवा प्रयत्न करून वर्ष होत आलंय, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितो आहे.

आधी नव्वद दिवसांचं गणित

एक शुक्राणू अंडकोषात तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात. मग अंडकोषाच्या मागे गुंडाळलेल्या एका बारीक नळीत तो दोनेक आठवडे काढतो आणि तिथे पोहायला शिकतो. म्हणजे आज तुम्ही दिलेल्या सॅम्पलची सुरुवात जवळजवळ तीन महिन्यांपूर्वी झालेली असते.

याचे दोन अर्थ निघतात. आज खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू) सोडला आणि पंधरा दिवसांनी तपासणी केली तर काही दिसणार नाही. तसंच, आज आलेला वाईट रिपोर्ट कायमचा असेलच असं नाही. हिंगण्याकडचा एक तरुण ऑक्टोबरमध्ये आला होता. आकडे इतके खाली होते की रिपोर्ट हातात देताना मलाच जड गेलं. बोलता बोलता कळलं, महिन्यापूर्वी त्याला डेंग्यू होऊन गेला होता. जोराच्या तापानंतर दोन-तीन महिने शुक्राणू घटतात. डॉक्टरांनी त्याला जानेवारीत पुन्हा बोलावलं. तेव्हा काच लावली आणि बघतच राहिलो. ऑक्टोबरमध्ये जिथे चार-दोन जण जागच्या जागी वळवळत होते, तिथे आता नाकासमोर सरळ पळणाऱ्यांची गर्दी होती. मधल्या काळात त्याने एकही गोळी घेतलेली नव्हती.

म्हणून कॅलेंडरवर आजची तारीख आणि नव्वद दिवसांनंतरची तारीख, दोन्ही लिहून ठेवा. खालच्या सगळ्या गोष्टी या दोन तारखांच्या मध्ये करायच्या आहेत.

पहिली पायरी: तपासणी, आणि तीही नीट

सॅम्पल देण्याआधी कमीत कमी 2 आणि जास्तीत जास्त 7 दिवस वीर्य बाहेर पडलेलं नसावं. संबंधही नको, हस्तमैथुनही नको. "जास्त दिवस साठवलं की जास्त चांगलं येईल" असं समजून लोक वीस-वीस दिवस थांबतात. त्याने संख्या थोडी वाढते, पण जुने, मंदावलेले शुक्राणू जमा होतात आणि हालचाल खाली येते.

शक्यतो लॅबमध्येच सॅम्पल द्या. संकोच वाटत असेल तर घरून आणायची परवानगी मागा, पण तासाभराच्या आत पोहोचलं पाहिजे. लॅबने दिलेलीच डबी वापरा. साबण, तेल, थुंकी, साधा कंडोम यांतलं काहीही वापरायचं नाही, कारण त्यांनी शुक्राणू मरतात. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. मे महिन्यात एका भाऊंनी कामठीहून मोटरसायकलच्या डिक्कीत डबी आणली होती. उन्हात ती डिक्की तव्यासारखी तापलेली. त्या सॅम्पलचा रिपोर्ट बनवण्यात काही अर्थच नव्हता, त्यांना पुन्हा यावं लागलं. आणि हो, थोडं सांडलं असेल तर लपवू नका, सांगा. पहिल्या थेंबांतच सर्वांत जास्त शुक्राणू असतात. तेच सांडले तर काउंट उगाच कमी दिसतो.

रिपोर्ट आला की लोक थेट लाल अक्षरं शोधतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली दिलेल्या खालच्या मर्यादा अशा आहेत: वीर्य 1.4 मिलीलिटर, एका मिलीलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू, एकूण 3 कोटी 90 लाख, हालचाल करणारे 42 टक्के, एकूणांपैकी सरळ पुढे जाणारे 30 टक्के, आणि योग्य आकाराचे 4 टक्के. शेवटचा आकडा वाचून माणसं हादरतात. "म्हणजे 96 टक्के वाकडे?" हो, आणि तरीही रिपोर्ट ठीक. बहुतेक पुरुषांचं असंच असतं.

या मर्यादा पास-नापासच्या नाहीत. ज्यांना वर्षभरात मूल राहिलं अशा पुरुषांचे आकडे घेऊन, त्यांतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांवर ही रेघ ओढलेली आहे. रेघेच्या खाली असूनही बाप झालेले आहेतच. एकाच रिपोर्टवर कुणीही काही ठरवू नये. बिघडलेला आला तर तपासणी पुन्हा करायचीच.

खासगीत झेपत नसेल तर नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत, म्हणजे मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्सच्या ओपीडीत आधी दाखवा. मात्र दोघांनी सोबत जा. बायकोला एकटीला पाठवून आपण बाहेर टपरीवर उभं राहू नका.

दुसरी पायरी: खर्रा

इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण नागपुरात इथेच सर्वांत जास्त नुकसान होताना बघतो.

"तंबाखू, सिगारेट काही?" असं विचारलं की उत्तर येतं, "नाही, काहीच नाही." आणि बोलताना गालात गोळी असते. आपल्याकडे खर्रा हे व्यसनात धरतच नाहीत. ठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला, पुडी खिशात, दिवसभर थोडा थोडा. सकाळी पोटात चहा जाण्याआधी पहिली चिमूट, जेवण झालं की दुसरी, ऑफिसच्या गेटवर मित्रासोबत तिसरी. धूर निघत नाही म्हणून घातक वाटत नाही, एवढंच.

तंबाखू चघळली काय आणि ओढली काय, निकोटिन आणि कॅडमियमसारखे जड धातू रक्तात जातातच. शुक्राणूचं आवरण फार नाजूक असतं. या विषांमुळे त्याला जणू गंज चढतो. शेपटीची ताकद जाते, आणि डोक्यात ठेवलेला डीएनए तुटतो. तुटलेल्या डीएनएने गर्भ राहिला तरी तो टिकत नाही, असंही होऊ शकतं. वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या पुरुषांवर मुंबईत झालेला एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू चघळण्याचं प्रमाण जितकं जास्त, तितकी शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी आढळली. माझ्या काचेखालचा अनुभव याहून वेगळा नाही.

"मग तंबाखू काढून नुसती सुपारी खातो" हाही उपाय नव्हे. सुपारी स्वतःच कर्करोग करणारी म्हणून जगभर मान्य झालेली आहे. विदर्भात तोंड उघडू न शकणारी तरुण मुलं आपण सगळेच बघतो.

सोडायचं कसं? जे लोक सोडून दाखवतात त्यांच्याकडून मी शिकलो ते सांगतो. पहिला आठवडा काहीच सोडू नका, फक्त मोजा. किती वाजता, कुणासोबत, कशानंतर खाल्ला हे मोबाइलमध्ये लिहा. पुष्कळांना तेव्हा कळतं की आठपैकी पाच वेळा इच्छा नव्हतीच, समोरच्याने पन्नी पुढे केली म्हणून खाल्ला. मग एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी पुडी घरात, गाडीत, ड्रॉवरमध्ये, कुठेही राहू देऊ नका. खिशात बडीशेप, लवंग, वेलची ठेवा. तलफ आली की दहा मिनिटं ढकला, पाणी प्या, दोन चक्कर मारा. ती लाटेसारखी येते आणि ओसरते. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, झोप लागणार नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगगम घ्या. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, 1800-11-2356. तिथे माणूस बोलतो आणि पुढच्या दिवसांत परत फोन करून विचारपूसही करतो.

विडी-सिगारेटचंही असंच. शिवाय धूर बायकोच्याही अंगात जातो आणि तिच्या अंडाशयालाही त्रास देतो.

तिसरी पायरी: गरमी

अंडकोष शरीराच्या बाहेर लटकतात, कारण त्यांना शरीराच्या तापमानापेक्षा 2 ते 4 अंश थंड जागा लागते. आपल्या गावात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. म्हणून नागपूरकरांना मुलं होत नाहीत असं मुळीच नाही, शरीर पुष्कळ सांभाळून घेतं. पण आधीच आकडे काठावर असतील तर गरमी त्यांना आणखी खाली ढकलते.

घट्ट जीन्स आणि घट्ट चड्डी बदला. अमेरिकेत 656 पुरुषांवर झालेला अभ्यास 2018 साली आला. त्यात सैल बॉक्सर घालणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंचं प्रमाण घट्ट चड्डी घालणाऱ्यांपेक्षा 25 टक्क्यांनी जास्त होतं. सुती, सैल, आणि रात्री शक्य असेल तर लुंगी. लॅपटॉप मांडीवर नको, टेबलावर ठेवा. बादलीतल्या गरम पाण्याने अंघोळ करायला हरकत नाही, पण टबमध्ये बसून राहणं किंवा स्टीम घेणं हे तीन महिने बंद.

ज्यांचं कामच गरमीचं आहे, ट्रक किंवा एसटी चालवणारे, बॉयलरवरचे, बेकरीतले, वेल्डिंग करणारे, त्यांना काम सोडा म्हणणं सोपं नाही. तासाभराने उठून पाच मिनिटं चालणं, सीटवर गादीऐवजी मण्यांचं किंवा जाळीचं आवरण, आणि घरी आल्यावर कूलरसमोर सैल कपड्यांत बसणं एवढं तरी जमतं. मोबाइल पँटच्या खिशात ठेवावा की नाही याबद्दल पुरावा अजून पक्का नाही. शर्टाच्या खिशात ठेवला तर बिघडत काहीच नाही.

चौथी पायरी: जिमची इंजेक्शनं

हे वाचणारा कुणी टेस्टोस्टेरॉनचं किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन घेत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे वाचा. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूला वाटतं, शरीरात भरपूर आहे. मग तो अंडकोषांना काम करण्याचा निरोपच पाठवत नाही. शुक्राणू बनणं थांबतं आणि अंडकोष आकसतात. दंड बघावेत तर पहिलवानाचे आणि काचेखाली एकही शुक्राणू नाही, असं सॅम्पल मी दरवर्षी बघतो. असा एक मुलगा माझ्यासमोर रडला आहे. "पुरुषी ताकदीसाठीच तर घेत होतो" असं म्हणत होता. बहुतेकांचं काम हळूहळू परत सुरू होतं, पण त्याला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. जिममधल्या ट्रेनरला न विचारता डॉक्टरांकडे जा आणि काय काय घेतलं ते नावानिशी सांगा.

रस्त्याकडेच्या तंबूत मिळणाऱ्या ताकदीच्या पुड्या, नाव नसलेली भस्मं यांचंही तेच. अशा काही औषधांत शिसं आणि पारा सापडलेला आहे, आणि दोन्ही शुक्राणूंना मारक आहेत. केस गळतीची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा.

पोट, झोप, दारू

कंबर मोजा. टेप बेंबीजवळून न्या, पँट जिथे बांधता तिथून नको. भारतीय पुरुषासाठी 90 सेंटिमीटरच्या आत असावी. पोटावरची चरबी पुरुषी हार्मोनचं स्त्री-हार्मोनमध्ये रूपांतर करते, म्हणून पोट सुटलेल्यांचं टेस्टोस्टेरॉन बहुधा खाली असतं. फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्स, जे जवळ असेल तिथे रोज 40 मिनिटं भरभर चाला. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत.

टेस्टोस्टेरॉन मुख्यतः झोपेत तयार होतं. 2011 सालच्या एका प्रयोगात तरुण मुलांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी उतरलं. बुटीबोरीत रात्रपाळी करणाऱ्यांनी दिवसा खोलीत अंधार करून सात तास सलग झोप काढावी.

दारू तीन महिने पूर्ण बंद करता आली तर उत्तम. रोज पिणाऱ्याचे आकडे रोज न पिणाऱ्यासारखे राहत नाहीत, एवढं नक्की.

ताटात काय हवं

यात जादू नाही. अमेरिकेत 117 तरुणांपैकी निम्म्यांना बारा आठवडे रोज 75 ग्रॅम अक्रोड दिले, तेव्हा त्यांच्या शुक्राणूंची हालचाल आणि आकार सुधारला. आता रोज 75 ग्रॅम अक्रोड कुणाला परवडणार? पण अक्रोडात जे ओमेगा-3 आहे तेच जवसात आहे, आणि जवसाची चटणी तर आपल्या विदर्भातल्या घराघरांतली. रोज दोन चमचे, भाकरीसोबत. हंगामात संत्री खा, सोलून, रस गाळून नव्हे. पालेभाजी, डाळ, अंडी, मासे चालत असतील तर मासे. तर्री पोहे आणि सावजी बंद करायला सांगत नाही, पण रोजचं तेलकट, पॅकेटबंद आणि गोड कमी करा.

काउंट वाढवण्याच्या गोळ्या आणि पावडरी यांवर लोक हजारो रुपये घालवतात. जस्त आणि फॉलिक ॲसिड यांची एक मोठी चाचणी अमेरिकेत दोन हजारांहून जास्त जोडप्यांवर झाली. 2020 साली निकाल आला: रिपोर्टही सुधारले नाहीत आणि मुलंही जास्त झाली नाहीत. डॉक्टरांनी काही कमतरता बघून दिलं असेल तर घ्या, जाहिरात बघून घेऊ नका.

फवारणी करणाऱ्यांसाठी

कळमेश्वर, काटोल, उमरेडकडून येणाऱ्यांना मी हे हमखास विचारतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी गेले, ते आपण विसरलेलो नाही. पण जीव न घेताही विष आत काम करतं. 1977 साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी नावाचं कीडनाशक बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्या लक्षात आलं की आपल्याला मुलंच होत नाहीत. तपासलं तर पुष्कळांचे शुक्राणू फार कमी किंवा शून्य. मूल हवं आहे त्या तीन महिन्यांत फवारणी दुसऱ्याकडे देता आली तर बघा. नाहीच जमलं तर रबरी हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, वारा येतो त्या बाजूला पाठ, फवारणी झाल्याबरोबर अंघोळ, आणि कपडे घरातल्या कपड्यांपासून वेगळे धुवायचे.

संबंध कधी

पाळी नियमित 28 दिवसांची असेल तर दहाव्या दिवसापासून सतराव्यापर्यंत एक दिवसाआड संबंध पुरेसा. पहिला दिवस म्हणजे पाळी सुरू झाली तो दिवस. अंडं बाहेर पडण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढीच गर्भ राहण्याची मुदत असते. खोबरेल तेल वापरू नका. ॲपमध्ये तारीख आली म्हणून भांडून, दमलेल्या अवस्थेत संबंध ठेवण्याची सक्ती एकमेकांवर नको. एखादा महिना हुकला तर पुढचा आहे.

नव्वद दिवस थांबायचं नाही अशा वेळा

रिपोर्टमध्ये शून्य आलं असेल. बायकोचं वय 35 च्या पुढे असेल आणि प्रयत्न करून सहा महिने झाले असतील. लहानपणी अंडकोष खाली उतरलेला नव्हता, किंवा मोठेपणी गालगुंड होऊन अंडकोष सुजला होता. हर्नियाचं ऑपरेशन झालंय. वीर्यात रक्त येतं, अंडकोषात गाठ लागते, ताठरता येत नाही, मधुमेह आहे. यांतलं काहीही असेल तर सरळ युरोलॉजिस्टकडे (मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांचे डॉक्टर) जा. उभं राहिल्यावर डाव्या अंडकोषावर गांडुळांच्या गुंत्यासारख्या शिरा हाताला लागत असतील तर तो व्हेरिकोसील असू शकतो. साधारण शंभरातल्या पंधरा पुरुषांना तो असतो, सगळ्यांनाच त्रास देत नाही, पण काहींचे आकडे ऑपरेशनने सुधारतात.

दुसऱ्या तपासणीला शक्यतो पहिल्याच लॅबमध्ये या आणि जुना रिपोर्ट सोबत आणा. पहिल्या वेळी तीन दिवस थांबला असाल तर या वेळीही तीनच दिवस थांबा, नाहीतर दोन रिपोर्टांची तुलना करता येत नाही. मधल्या नव्वद दिवसांत ताप येऊन गेला असेल, एखादं औषध चाललं असेल, खर्रा मध्येच पुन्हा सुरू झाला असेल, तर काउंटरवर सांगून टाका. आम्ही ते फॉर्मवर लिहून ठेवतो, आणि रिपोर्ट वाचताना डॉक्टर आधी तेच बघतात.